आफ्टरमार्केट एक्झॉस्ट मॅनिफोल्ड: निवडायचा कसा, बसवायचा कसा आणि तो तडकतो कशामुळे

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांतून निघणारा जळका वायू एकत्र करून मागच्या पाइपला देणारा भाग; नळ्यांचा बनवलेला असेल तर त्याला हेडर म्हणतात. तो तडकला की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठल्या स्टेनलेसचा होता?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागतो. तडा बहुतेक वेळा वेल्डच्या कडेला, फ्लँजलगत (इंजिनाच्या हेडला कसली जाणारी जाड पट्टी) किंवा चार नळ्या एकत्र येतात त्या कलेक्टरच्या मुळाशी जातो. त्या जागेला न झेपणारं वजन उचलायला लावलेलं असतं, नाहीतर तापल्यावर फुगायला जागाच ठेवलेली नसते. ३०४ स्टेनलेसच्या हलक्या हेडरला खालून नीट आधार असेल तर तो वर्षानुवर्षं टिकतो. ३२१ चा महागडा मॅनिफोल्ड सात-आठ किलोचा टर्बो अधांतरी पेलत असेल तर ट्रॅकवरच्या एका हंगामातही फुटू शकतो. म्हणून या लेखात धातूपेक्षा फ्लँज, स्टड (हेडमध्ये रोवलेले, नट लागणारे आटेदार दांडे) आणि आधार यांच्यावर जास्त भर आहे.

उदाहरणासाठी दोन गाड्या घेतल्या आहेत. पहिली माझदा एमएक्स-५, म्हणजे १९८९ पासूनची पहिली आणि १९९८ पासूनची दुसरी पिढी. हिच्यावर साधा हेडरही बसवतात आणि टर्बोही. दुसरी २०१२ ची टोयोटा ८६, तिचंच भावंड सुबारू बीआरझेड. यातली कुठलीच भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, त्यामुळे ज्यांच्या दारात ती उभी आहे ते वाचक बहुधा परदेशात असतील. पण इथे सांगितलेलं कुठल्याही चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीला लागू पडतं, ट्रॅकसाठी तयार केलेल्या जुन्या होंडा सिटीलासुद्धा.

आधी अपेक्षा ठरवा

पहिल्या पिढीच्या १.६ लिटर एमएक्स-५ मध्ये कंपनीनेच नळ्यांचा स्टेनलेस हेडर दिला होता. तो काढून दुसरा हेडर लावल्याने हाती फारसं काही लागत नाही. एअर फिल्टरपासून मागच्या पाइपपर्यंत सगळं बदलून वर ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ट्यून केला, तरच फरक जाणवतो. तेवढं करायचं नसेल तर ते पैसे टायर आणि ब्रेक पॅडमध्ये घाला.

८६ ची गोष्ट वेगळी. तिच्या १९९८ सीसी एफए२० इंजिनात साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान टॉर्कला खड्डा पडतो, आणि तो चालवताना स्पष्ट जाणवतो. सारख्या लांबीच्या नळ्यांचा हेडर आणि त्याला जुळणारा ट्यून मिळून हा खड्डा बराचसा भरून काढतात. असमान लांबीचा हेडर सुबारूचा तो प्रसिद्ध घरघराट देतो, कारण एकाच बाजूच्या दोन सिलिंडरांचे स्फोट लागोपाठ होतात (क्रम १-३-२-४) आणि त्यांचे झोत कलेक्टरपाशी असमान अंतराने पोचतात. आवाज हवा की टॉर्क, हे खरेदीआधीच ठरवा. दुकानदार दोन्हीचं आश्वासन देतो.

मूळ ८६ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग) हेडरमध्येच आहे. कॅट नसलेला हेडर लावला की चेक इंजिन दिवा आणि पी०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा) कोड ठरलेलाच. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं संघराज्याच्या कायद्याने बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये मूळचा कॅट गायब असेल तर गाडी एमओटी या वार्षिक तपासणीत नापास होते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे पुढचा मजकूर इथल्या वाचकांनी फक्त ट्रॅकवर ट्रेलरवरून जाणाऱ्या गाडीसाठी आहे असं समजावं.

टर्बो नसलेल्या इंजिनासाठी नळीची लांबी आणि व्यास ठरवायचा ट्यूनरांचा एक जुना ठोकताळा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचण्याआधी किती अंश उघडतो ते पाहा आणि त्यात १८० मिळवा. त्या बेरजेला २,१५९ ने गुणा, ज्या आरपीएमला जोर हवा त्याने भागा आणि ७.६ वजा करा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. व्हॉल्व्ह ६० अंश आधी उघडत असेल आणि ६,५०० आरपीएमला जोर हवा असेल तर लांबी सुमारे ७२ सेंमी.  याच हिशेबाने ४०० सीसीच्या एका सिलिंडरला आतला व्यास सुमारे ३८ मिमी आणि ५०० सीसीला सुमारे ४२-४३ मिमी निघतो. यापेक्षा मोठी नळी म्हणजे जास्त ताकद, हा समज खोटा आहे. झोताचा वेग पडतो आणि मधल्या आरपीएमची धार जाते.

चार-दोन-एक रचनेच्या हेडरमध्ये १-३-४-२ क्रमाच्या इंजिनाला १ आणि ४ ची जोडी, तसंच २ आणि ३ ची जोडी लागलेली असायला हवी. दुकानातच बोटाने नळ्यांचा माग काढून बघा. स्वस्त हेडरमध्ये जागेच्या सोयीने शेजारच्या दोन नळ्या जोडून दिलेल्या सापडतात. तसा हेडर परत करा, तो ट्यूनने सुधारत नाही.

धातू: कशाला किती महत्त्व

पूर्ण भारावर पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट वायू साधारण ८५० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. टर्बोत आणि चुकीच्या ट्यूनमध्ये त्याहून वर. बाजारात दिसणारे प्रकार असे.

३०४ स्टेनलेस सगळ्यात जास्त मिळतं आणि टर्बो नसलेल्या गाडीला पुरतं. सतत तापलेलं राहिलं तर ते सुमारे ९२५ अंशांपर्यंत तग धरतं, पण तापणं-थंड होणं चालू असेल तर ८७० च्या आसपासच मर्यादा येते. कारण थंड होताना वरचा ऑक्साइडचा थर तडकून सुटतो आणि खालचा नवा धातू उघडा पडतो. गाडी नेमकं हेच दिवसभर करते. शिवाय ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ३०४ मधलं क्रोमियम कणांच्या सीमेवर कार्बनशी जोडलं जातं आणि वेल्डच्या कडा कमकुवत होतात. ३०४एल मध्ये कार्बन कमी असल्याने हा त्रास कमी. ३२१ मध्ये टायटॅनियम कार्बनला धरून ठेवतं, म्हणून टर्बोसाठी तेच योग्य. ३१६ बद्दल "हे ३०४ पेक्षा वरचं" असं सांगून पैसे घेतले जातात. त्यातलं मॉलिब्डेनम खाऱ्या हवेला उपयोगी, पण उष्णतेत त्याचा म्हणावा तसा फायदा नाही. रत्नागिरीत किंवा गोव्यात समुद्राकाठी उभ्या असणाऱ्या गाडीच्या मागच्या पाइपला ३१६ लावायला हरकत नाही, मॅनिफोल्डला नको.

कास्ट आयर्नकडे नाक मुरडू नका. सुमारे ४ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॉलिब्डेनम घातलेलं डक्टाइल आयर्न कंपन्या टर्बो मॅनिफोल्डसाठी वापरतात. त्याच्या वरच्या दर्जाचं नाय-रेझिस्ट, ज्यात निकेलच ३५ टक्क्यांच्या आसपास असतं. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांना सिलिकॉनचं हे गणित सांगावं लागत नाही: तापल्यावर लोखंडाची अंतर्गत रचना ज्या तापमानाला बदलते, ते तापमान सिलिकॉनमुळे वर सरकतं. कास्ट मॅनिफोल्ड जड आणि दिसायला ओबडधोबड असतो, नळ्या आखूड असतात, पण रस्त्यावरच्या टर्बो एमएक्स-५ साठी तोच सगळ्यात कमी डोकेदुखीचा पर्याय.

भिंतीची जाडी ग्रेडइतकीच महत्त्वाची आहे. टर्बो नसलेल्या हेडरला १.५ ते १.६ मिमी चांगली. शर्यतीचे हेडर १.२ मिमी किंवा त्याहून पातळ असतात, ते हंगामापुरते. टर्बो पेलणारा मॅनिफोल्ड पातळ नळीचा नव्हे, जाड भिंतीच्या पाइपचा हवा. शेड्यूल १० (पाइपच्या जाडीचं एक ठरलेलं माप) च्या सव्वा इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४२.२ मिमी आणि जाडी २.७७ मिमी असते. विक्रेता "जाड स्टेनलेस" म्हणाला तर नळीच्या उघड्या टोकाला व्हर्निअर लावा.

फुगण्याचा हिशेब

हा भाग बहुतेक जण वगळतात, आणि तडे इथेच जन्माला येतात.

४५ सेंमीची ३०४ ची नळी ३० अंशांवरून ७५० अंशांवर गेली की सुमारे ६ मिमीने लांबते. वळणं असतील तर ती वळणं थोडी उघडून ही लांबी सामावून घेतात. सरळ नळी दोन्ही टोकांना घट्ट धरली असेल तर ती लांबी कुठेच जात नाही, तिचं रूपांतर वेल्डवरच्या ताणात होतं. म्हणून सरळसोट दिसणाऱ्या नळीपेक्षा एखादं वळण जास्त असलेली नळी टिकाऊ.

फ्लँजचंही तसंच. समजा फ्लँज ३५ सेंमी लांब आहे, ३०४ चा आहे आणि ४५० अंशांना तापतो. तो सुमारे २.६ मिमी वाढेल. ज्या अ‍ॅल्युमिनियम हेडला तो कसला आहे, ते पाण्याने थंड राहत असल्याने १०० अंशांच्या आसपास असतं आणि अर्धा-पाऊण मिमीच वाढतं. उरलेला २ मिमीचा फरक दोन टोकांत वाटला तर प्रत्येक टोकाचं भोक स्टडवरून १ मिमी बाहेर सरकायला बघतं. एम८ च्या (८ मिमी जाड) स्टडला ९ मिमीचं भोक दिलं असेल तर एका बाजूला जागा फक्त अर्धा मिमी. मग स्टड वाकतो, दर फेरीला थोडा वाकतो, आणि एक दिवस हेडच्या पृष्ठभागाशी तुटतो. टोकाचेच स्टड का तुटतात, याचं उत्तर हे. माइल्ड स्टीलचा फ्लँज याच परिस्थितीत १.९ मिमीच्या आसपास वाढतो, म्हणून स्टेनलेस नळ्यांना माइल्ड स्टीलचा फ्लँज जोडणं हा कंजूषपणा नाही.

करायचं काय? मधली भोकं नेमकी ठेवा. टोकाची भोकं लांबीच्या दिशेने लांबट करून घ्या, एम८ ला सुमारे ९ × ११ मिमी, आणि नटाखाली जाड वॉशर द्या. चांगल्या बनावटीच्या फ्लँजमध्ये दोन पोर्टांच्या मध्ये चीर दिलेली असते, म्हणजे प्रत्येक पोर्टचा भाग आपापला फुगतो. चीर नसेल तर बारीक करवतीच्या पात्याने ती देता येते, मात्र गास्केटच्या सीलिंग कड्यापासून लांब.

हातात आल्यावरची तपासणी

डबा उघडल्यावर गाडीवर चढवायची घाई करू नका. लागेल सरळपट्टी, फिलर गेज, व्हर्निअर, बोरोस्कोप (आत घालायचा बारीक कॅमेरा) आणि नवं गास्केट.

फ्लँजवर सरळपट्टी उभी-आडवी-तिरकी धरा. खाली ०.१ मिमीचं पान जात नसेल तर उत्तम. ०.२५ मिमीचं पान सरकलं तर फ्लँज मिलिंगवर एका पातळीत करून घ्या. स्वस्त हेडरमध्ये फ्लँज आधी कापलेला असतो आणि वेल्डिंगनंतर त्याला कोणी हात लावलेला नसतो, त्यामुळे तो केळ्यासारखा वाकलेला येतो. नट आवळून तो सरळ होईल असं समजू नका. होईल, पण तो ताण वेल्डमध्ये कायमचा राहील. जाडी १० मिमीपेक्षा कमी नको, टर्बोला १२ मिमी.

गास्केट आधी हेडवर धरा, मग फ्लँजवर. फ्लँजचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा १ ते २ मिमी मोठं चालतं, उलट परतणाऱ्या लाटेला ती पायरी थोडी अडवते. लहान मात्र कुठेच नको. आत वेल्डचा गोळा डोकावत असेल तर डाय ग्राइंडरने साफ करा.

बोरोस्कोप आत घाला आणि वेल्डची मागची बाजू पाहा. वेल्डिंग करताना नळीच्या आत आर्गन सोडलेला नसेल तर मागे काळी, खरखरीत, जळलेल्या साखरेसारखी पापडी दिसते. तिथे धातू जळालेला असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. बाहेरून वेल्ड रंगीत आणि सुबक दिसतो म्हणून आत तो तसाच असेल असं नाही. सोनेरी ते निळसर छटा ठीक, करडा-काळा भुगा नको. नवीन बनवून घेत असाल तर फॅब्रिकेटरला तारेबद्दल विचारा: ३०४ ला ३०८एल, ३२१ ला ३४७, स्टेनलेस नळी माइल्ड स्टील फ्लँजला जोडताना ३०९एल. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा शोधा.

जुना काढणं

इंजिन पूर्ण थंड हवं. आदल्या रात्री आणि सकाळी स्टडवर पेनिट्रेटिंग तेल मारा. सहा कोनांचाच सॉकेट वापरा, बारा कोनांचा गंजलेला नट गोल करतो. नट थोडा उघडा, थोडा आवळा, पुन्हा उघडा. एका दमात ओढला तर स्टड तुटतो. जिथे नट हलतच नाही तिथे नटाला, स्टडला नव्हे, गॅस टॉर्चने लाल होईपर्यंत तापवा, पण त्याआधी इंधनाच्या नळ्या, वायरिंग आणि तेलाचे डाग दूर करा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने हा भाग कधीच पुसू नका. तापलेल्या धातूवर त्याचा विषारी फॉस्जीन वायू होतो. अ‍ॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या.

तुटलेला स्टड काढताना मधोमध पंच मारा, उलट्या दिशेने फिरणाऱ्या (लेफ्ट-हँड) ड्रिलने भोक पाडा. कित्येकदा तो ड्रिलच त्याला फिरवून बाहेर काढतो. एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर काम वर्कशॉपमधून मशीन शॉपमध्ये जातं, म्हणून तो शेवटचा उपाय. पोर्शे ९११ च्या ९९६ आणि ९९७ पिढ्यांत गंजलेले बोल्ट तुटणं इतकं नेहमीचं आहे की जाणकार गॅरेज अंदाजपत्रकातच ड्रिलिंगचे तास धरतं. हेडमधले आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) किंवा त्याहून भक्कम ठोस इन्सर्ट बसवा. मोठा टॅप मारून मोकळं होऊ नका.

बसवणं

१. हेडचा पृष्ठभाग प्लास्टिक स्क्रेपरने साफ करा. सँडिंग डिस्क अ‍ॅल्युमिनियममध्ये खड्डे पाडते. हेडवरही सरळपट्टी धरून बघा.

२. स्टड नवे घ्या. हेडमध्ये ते हाताने पूर्ण जाऊ द्या आणि हलकेच बसवा. जोराने आवळायचा तो नट.

३. गास्केट मूळ कंपनीचं किंवा अनेक पदरी स्टीलचं. सिलिकॉन लावू नका, या जागी ते जळून भोक ठेवतं.

४. हेडर स्टडवर चढवा, सगळे नट बोटाने लावा. आता मागचा पाइप जोडून बघा. दोन्ही तोंडं आपोआप समोरासमोर आली पाहिजेत. टॉमी (लोखंडी दांडा) घालून ओढावं लागत असेल तर थांबा. ओढून जुळवलेला जोड म्हणजे पहिल्या दिवसापासून वेल्डवर ताण. फ्लँजचा कोन सुधारा किंवा पाइप कापून पुन्हा जोडा.

५. नट मधून बाहेरच्या दिशेने, आलटून पालटून, तीन टप्प्यांत आवळा: आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचा. मॅन्युअल हाती नसेल तर एम८ ला २० ते २५ न्यूटन-मीटर, एम१० ला ३५ ते ४५ हा नेहमीचा पट्टा. आट्यांना निकेल अँटी-सीझ लावलं तर घर्षण कमी होतं, म्हणून आकडा सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरवा. आवाज जाईना म्हणून जास्त जोर लावणारे अ‍ॅल्युमिनियमचे आटे ओढून बाहेर काढतात.

६. ऑक्सिजन सेन्सर ज्यात बसतो त्या वेल्ड केलेल्या बंगचे आटे एम१८ × १.५. सेन्सर आडवा किंवा टोक वर नको. क्षितिजापासून किमान १० अंश वर झुकलेला, टोक खाली, नाहीतर सकाळच्या थंड सुरुवातीला साचलेलं पाणी त्याचं सिरॅमिक फोडतं. टर्बो नसलेल्या हेडरमध्ये तो चारही नळ्या एकत्र आल्यानंतर हवा.

नटांबद्दल जरा थांबू. नायलॉन असलेले लॉकनट इथे वितळतात. स्प्रिंग वॉशरचा कणा उष्णतेत जातो. ३०४ स्टेनलेसचे बोल्ट सगळ्यात फसवे: चमकतात, गंजत नाहीत, पण आट्यांत एकमेकांना चिकटतात, आणि लोखंडी फ्लँजपेक्षा जास्त फुगत असल्याने तापल्यावर पकड सोडतात. तांब्याचा मुलामा दिलेले, आटे दाबून घट्ट केलेले, पूर्ण धातूचे लॉकनट वापरा.

आधार

टर्बो एमएक्स-५ ट्रॅकवर गेली की मॅनिफोल्ड आणि टर्बो यांना जोडणारे चार स्टड ढिले पडणं किंवा तुटणं, हा तिचा सगळ्यांना ठाऊक असलेला जुना आजार. साध्या पोलादाचा स्टड ४५० अंशांपुढे आपली ताकद हरवू लागतो, हळूहळू लांबतो, पकड सुटते, मग टर्बो थरथरायला लागतो, आणि थरथर उरलेल्या स्टडांना संपवते. तिथे लोक इनकोनेलचे (उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूचे) स्टड आणि नटाला पकडून ठेवणाऱ्या पत्री कुलुपांचा उपाय करतात, आणि तो योग्यच आहे. पण टर्बो आणि डाउनपाइपचं (टर्बोनंतरच्या पाइपचं) वजन मॅनिफोल्डच्या टोकाला लोंबकळत ठेवून नुसते महाग स्टड घातले तर ताण स्टडवरून वेल्डवर सरकतो, एवढंच.

डाउनपाइपला खालून पट्टी द्या, आणि ती गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगला बांधा. चॅसीला बांधायची चूक फार होते. इंजिन रबरी माउंटवर डोलतं, चॅसी डोलत नाही. त्यामुळे चॅसीला बांधलेला पाइप प्रत्येक गिअर बदलाला मॅनिफोल्डला पिळतो. नियम साधा आहे: इंजिनाबरोबर हलणाऱ्या भागाचा आधार इंजिनाबरोबर हलणाऱ्या भागालाच. त्यानंतर फ्लेक्स (लवचिक जाळीदार पाइप), आणि फ्लेक्सच्या पुढे चॅसीचे रबरी हँगर. पट्टीचं एक भोक लांबट ठेवा, म्हणजे पाइप लांबीने वाढू शकेल. इंजिन आडवं बसवलेल्या (ट्रान्सव्हर्स) गाड्यांत फ्लेक्स नसेल तर बाकी सगळं नीट करूनही उपयोग नाही.

ट्रॅकसाठीच्या लांब नळ्यांच्या हेडरमध्ये कलेक्टरला स्लिप जॉइंट आणि स्प्रिंग चांगल्या. थंड असताना थोडी गळती होईल, पण नळ्या मोकळ्या फुगतील.

पहिली उष्णता

हेडर बाहेरून अ‍ॅसिटोनने पुसा, बोटांचे तेलकट ठसे कायमचे उमटतात. दहा मिनिटं आयडल, मग बंद, पूर्ण थंड, नट तपासा. नंतर अर्धा तास शांत चालवा, पुन्हा थंड करा, पुन्हा तपासा. मग १०० किमी, ५०० किमी आणि १,००० किमीला. नट नेहमी थंड इंजिनावरच तपासायचे, गरम स्टडवर लावलेला आकडा खोटा असतो. पहिल्या दोन वेळा थोडे फिरतील, गास्केट बसत असतं. १,००० किमीलाही एखादा नट फिरत असेल तर तो स्टड लांबतोय, किंवा त्या जागी फ्लँज हलतोय.

रॅपबद्दल आमचं मत सरळ आहे: रस्त्यावरच्या गाडीच्या हेडरला पट्टी गुंडाळू नका. बॉनेटखाली उष्णता कमी होते हे खरं, पण ती धातूतच अडकते. भिंत वायूच्या तापमानाजवळ जाते, ३०४ ची खपली लवकर सुटते, आणि पावसाळ्यात पट्टी ओली राहून आत गंज वाढवते. तडा गेला तर तोही पट्टीखाली लपतो. सिरॅमिक कोटिंग महाग पण बरं. सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे पत्र्याची हीट शील्ड, मध्ये किमान सेंटिमीटरभर हवा सोडून. ८६ च्या बऱ्याच हेडरच्या नळ्या तेलाच्या पॅनजवळून जातात, तिथे शील्ड लागतेच.

बिघाड ओळखणं

थंड असताना टिक-टिक, गरम झाल्यावर गप्प: फ्लँजची गळती, फुगल्यावर बंद होते. वाकलेला फ्लँज किंवा तुटलेला टोकाचा स्टड. गरम झाल्यावरच आवाज येतो: उलट, तडा उघडतोय. फ्लँजभोवती काजळीचा काळा पंखा दिसला तर शोधायची गरजच नाही.

सेन्सरच्या आधी गळती असेल तर लाटेच्या उलट झोक्यात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, आणि ईसीयू जास्त पेट्रोल घालत राहतो. फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलात केलेली दुरुस्ती) कारण नसताना वर गेला असेल तर इंजेक्टर बदलण्याआधी हेडर पाहा. टर्बो गाडीत याच गळतीने बूस्ट उशिरा येतो.

शोधायचं कसं: इंजिन थंड, मागच्या पाइपला व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून हवा सोडा, जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतात. वर्कशॉपमध्ये स्मोक मशीन असेल तर आणखी चांगलं.

तडा वेल्ड करायचा असेल तर आधी त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर तो वेल्डच्या पुढे चालत राहील. मग व्ही आकारात पूर्ण खोल घासा, आत आर्गन सोडा, योग्य तारेने टिग करा. वरून नुसता थर चढवलेला वेल्ड महिनाभरात त्याच जागी उघडतो. कास्ट आयर्न वेल्ड करून ट्रॅकवर नेऊ नका, बदला. आणि त्याच जागी दुसऱ्यांदा तडा आला तर वेल्डर बदलून काही होणार नाही, पट्टी कुठे बांधली आहे ते बघा.

प्रत्येक ट्रॅक डेनंतर, गाडी थंड झाल्यावर, टॉर्च घेऊन कलेक्टरचं मूळ, टर्बोचे स्टड आणि खालची पट्टी पाहायला दहा मिनिटं लागतात. नळी नखाने टोकरल्यावर खपल्या पडत असतील, किंवा हातोडीच्या हलक्या टिचकीला खणखणीत ऐवजी बद्द आवाज येत असेल, तर त्या हेडरमध्ये वेल्ड करायला धातू उरलेला नाही.